पानावरचा डाग ओळखतो, मग चेहऱ्यावरचा का नाही?

आज कपाशी-सोयाबीन बाजूला ठेवून जरा वेगळ्या विषयावर लिहितो आहे. शेतीपानावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

मागच्या खरिपात एका गावी पारावर बसलो होतो. एक शेतकरी बायकोसह आला आणि त्याने खिशातून कपाशीचे पान काढून माझ्यासमोर धरले. पान कडेने लाल पडलेले. मी नेहमीप्रमाणे विचारपूस सुरू केली. जमीन कशी, पाणी साचते का, खालची पाने लाल की वरची, मागे तुडतुडे होते का, खत कोणते दिले आणि कधी दिले. दहा मिनिटे हेच चालले. बाजूला उभ्या असलेल्या बाईने तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा खाली केला आणि म्हणाली, "साहेब, पराटीच्या पानाले एवढं इचारून राहिले, माह्या तोंडाचंबी सांगा ना काही." पारावरचे सगळे हसले. मला हसू आले नाही.

दोन्ही गालांवर काळपट पट्टे, मधे लालबुंद कातडी, तिच्यात बारीक शिरा दिसताहेत, हनुवटीवर लव वाढलेली. काय लावता, असे विचारले तर तिने पिशवीतून चेपलेली ट्यूब काढली. "मेडिकलवाल्यानं देल्ली. दोन वर्सं झाले लावून राहिली. सोडली का तोंडाची आग होते."

ती ट्यूब मी ओळखली, कारण तशीच ट्यूब मी स्वतः माझ्या धाकट्या बहिणीला आणून दिली होती.

लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो. बहिणीला पाहायला पाहुणे यायचे होते. तिच्या गालावर वांग होते, आईला त्याची काळजी. "दवाखान्यात कायले पैसे घालतं, शेजारच्या पोरीनं लावलं तं पंधरा दिवसांत गोरी झाली," असे आईने सांगितले आणि मी, कृषी पदविका घेतलेला, रोज शेतकऱ्यांना "दुकानदाराला विचारून फवारू नका" म्हणून बजावणारा माणूस, तालुक्याच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय ती ट्यूब घेऊन आलो. पंधरा दिवसांत खरेच चेहरा उजळला. पाहुणे आले, गेले, जमले नाही. ट्यूब मात्र चालूच राहिली. सातव्या-आठव्या महिन्यात चेहऱ्यावर पुटकुळ्या, आग, उन्हात गेले की लाली, आणि वांग पूर्वीपेक्षा गडद. पुढचे दीड वर्ष आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात चकरा मारल्या. असो.

आता मुद्द्याकडे येतो. पानाच्या बाबतीत आपण शहाणे आहोत. कपाशीचा लाल्या घ्या. पान लाल झाले म्हणून बुरशीनाशक मारणारे आजही सापडतात, पण बहुतेकांना आता माहीत झाले आहे की मॅग्नेशियमची कमतरता, बोंडे भरताना नत्राची ओढ, तुडतुडे, रात्रीच्या तापमानातली घट, साचलेले पाणी, यांपैकी कशानेही पान लाल पडते. सोयाबीनचेही तेच. पिवळा मोझॅक असेल तर तो विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला, झाड उपटून टाकायचे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता, फेरस सल्फेटची फवारणी करायची. रंग एक, कारणे दोन, उपाय तर अगदी उलटे. जो हे ओळखत नाही त्याचे पैसेही जातात आणि पीकही जाते.

कातडीचे याहून वेगळे नाही. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या मेलॅनिन नावाचे द्रव्य बनवतात. हे द्रव्य म्हणजे शरीराने उन्हासाठी धरलेली छत्रीच. त्या पेशी कुठे चेकाळल्या की काळा डाग, कुठे मंदावल्या किंवा मेल्या की पांढरा. चेकाळायला मात्र कारणे पन्नास.

सर्वांत जास्त दिसते ते वांग. दोन्ही गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, वरच्या ओठाच्या वर, दोन्ही बाजूंनी सारखेच तपकिरी पट्टे. खाज नाही, आग नाही. बायकांत जास्त, पण उन्हात राबणाऱ्या पुरुषांतही असते. बाळंतपणात येते, कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनी वाढू शकते, घराण्यातही असते. या सगळ्यावर कडी करते ते ऊन. औषध कितीही भारी लावा, ऊन तसेच राहिले तर वांग परत येतेच. आभाळ भरून आलेले असले तरी ऊन खाली पोचते, त्यामुळे "आज ढग आहेत" म्हणून दुपट्टा काढू नये. चुलीच्या धगीनेही वांग वाढू शकते. दिवसभर निंदण आणि सकाळ-संध्याकाळ चूल, असा ज्या बाईचा दिवस आहे तिला वांग येणार नाही तर कोणाला येणार?

पोटात बाळ असताना आलेले वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरेचदा फिके होते. त्या काळात कोणतेही गोरेपणाचे मलम लावू नये, काही औषधे गर्भाला चालत नाहीत. आणि "बाळाचा रंग आईच्या तोंडावर उतरला" वगैरे सासूबाईंचे शास्त्र ऐकून घ्यावे, सोडून द्यावे.

ज्या गोष्टीसाठी मी हा लेख खास शेतीपानावर लिहितो आहे, ती म्हणजे गाजरगवत. कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरले आणि पुढच्या काही दशकांत देशभर पसरले. आपल्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मागे, कुठे नाही? त्याच्या पानाफुलांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते आणि ते कातडीला बाधते. १९७० च्या दशकातच पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या रोगाची नोंद करून ठेवली आहे. म्हणजे पन्नास वर्षे झाली, तरी गावात कोणाला विचारा, "उष्णता झाली" हेच उत्तर मिळते.

या रोगाची गंमत अशी (गंमत म्हणायची तर) की वर्षानुवर्षे गवत उपटणाऱ्याला काहीच होत नाही आणि एका पावसाळ्यात अचानक सुरू होते. मग हातही लावावा लागत नाही. वाळलेल्या गवताची धूळ हवेत उडाली, ती उघड्या अंगावर बसली, की झाले. पापण्या सुजतात, मानेवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत चट्टे उठतात, खाज सुटते, पाणी येते. ऊन लागले की आणखी भडकते. दरवर्षी पावसाळ्यात येते, हिवाळ्यात बसते. चार-पाच वर्षे असे चालले की कातडी जाड, सुरकुतलेली, काळी पडते आणि लोक म्हणतात, "म्हातारपणानं काळा पडला." पुरुषांत हे भरपूर आहे. मी पाहिलेला एक सालगडी चाळिशीचा होता आणि साठीचा दिसायचा.

वांग आणि हे यांत फरक कसा ओळखावा? खाज आहे का ते बघा आणि पापण्या बघा. वांगाला खाज नसते आणि ते पापण्यांवर सहसा बसत नाही. गाजरगवताला खाज असतेच आणि पापण्या ते सहसा सोडत नाही. ज्यांना गाजरगवत बाधते त्यांना कधी कधी त्याच कुळातली शेवंती आणि सूर्यफूलही बाधते, तेव्हा फुलशेतीवाल्यांनी लक्ष ठेवावे. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करतात, त्यात कळते.

यावर पहिला उपाय शेतातलाच आहे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून, अंगभर कपड्यांनिशी मुळासकट उपटावे. फुलल्यावर उपटले तर बी आपणच पेरतो; एकेका झाडाला हजारो बिया असतात. मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये बंगलोरला सोडले गेले, ते पावसाळ्यात पाने खातात. तरोटा दाट वाढला तर गाजरगवताला दाबतो. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह असतो. आम्ही त्यात फोटो काढतो. ज्याला एकदा बाधले आहे त्याने मात्र उपटायला जाऊच नये, दुसऱ्याने उपटावे. आणि इथे एक तक्रार आमच्याच लोकांबद्दल: सप्ताहात गावकऱ्यांना, शाळेच्या पोरांना उघड्या हाताने गवत उपटायला लावलेले मी पाहिले आहे. हातमोजाला किती पैसे लागतात हो?

घरगुती उपायांनी होणारे डागही कमी नाहीत. टाचेच्या भेगांना बिब्बा लावायची आपल्याकडे जुनी रीत. बिब्ब्याचे तेल उतले की फोड येतात, चिघळतात आणि जागा काळी पडून राहते. लग्नाआधी तोंडाला लिंबू चोळून उन्हात काम करणारी मुलगी तर घरोघरी. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागले की ती जागा भाजल्यासारखी होते आणि मागे गडद डाग उरतो. डाग घालवायला लावले आणि डाग घेऊन बसले. फवारणीचे औषध अंगावर सांडले, साबणाने धुतले नाही, की त्या जागी पुरळ येऊन मागे काळेपणा राहू शकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. त्या मानाने डाग क्षुल्लक, पण अंगावर औषध पडू द्यायचे नाही हा धडा एकच.

काही डाग मात्र चेहऱ्याच्या काळजीपोटी बघायचेच नसतात, ते आतल्या दुखण्याची खबर देत असतात. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाड काळी कातडी झाली असेल तर ती मळ नाही. आया पोरांची मान दगडाने घासतात, रक्त निघेपर्यंत. ती घासून जात नाही, कारण बरेचदा तिच्यामागे वाढलेले वजन आणि मधुमेहाकडे झुकलेले शरीर असते. अशा माणसाची साखर तपासा. बोटांच्या पेरांवर नव्याने काळेपणा आला, हातपाय मुंग्यांनी भरतात, थकवा आहे, तर बी-१२ ची कमतरता असू शकते. लहान मुलाच्या गालावरचे फिकट चट्टे "जंताचे" म्हणून जंताचे औषध पाजतात, त्यांचा बहुधा जंतांशी संबंध नसतो, कोरड्या कातडीशी असतो.

आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे खाज नाही, घाम नाही आणि टोचलेले कळत नाही, तर एक दिवसही थांबू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध मोफत आहे, रोगाच्या प्रकाराप्रमाणे साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते, आणि रोग पूर्ण बरा होतो. अशा चट्ट्यावर कोणी गोरेपणाची ट्यूब चोळत बसला तर बोटे वाकडी होईपर्यंत वेळ निघून जातो.

आता त्या ट्यूबकडे. बाजारात "मिक्स" म्हणून जी मलमे मिळतात त्यांत बहुधा तीन औषधे असतात. एक हायड्रोक्विनोन, रंग कमी करणारे. दुसरे ट्रेटिनोइन, कातडीची साल काढणारे. तिसरे स्टेरॉइड. हे मिश्रण मुळात वाईट नाही. त्वचारोगतज्ज्ञ ते वांगावर मोजून काही आठवडे देतात, मग बंद करतात. स्टेरॉइडही वाईट नव्हे, गाजरगवताच्या भडक्यात डॉक्टर तेच देतात. वाईट आहे ते मोजमाप नसलेले लावणे. आपण तणनाशकाचे प्रमाण पंपाला झाकणाने मोजतो, आणि हे दोन-दोन वर्षे बोटाने थापतो! कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. हायड्रोक्विनोन फार दिवस लावले तर उलट निळसर-काळे डाग बसतात, ते सहज निघत नाहीत.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या बिघडलेल्या चेहऱ्याला वेगळे नावच दिले आहे, इतके रुग्ण येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. कायदा झाला. दुकानात जाऊन मागून बघा, काय होते ते.

दुसरा प्रकार याहूनही वाईट. पार्लरमध्ये किंवा आठवडी बाजारात बिननावाच्या, बिनपत्त्याच्या डबीत मिळणारे क्रीम. त्यात पारा असू शकतो. पाऱ्याने रंग उजळतो, म्हणून तर घालतात. कायद्याने सौंदर्यप्रसाधनात चुकून आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी वेगळी मर्यादा आहे. पण २०२३ च्या सुरुवातीला आपल्या अकोल्याचीच बातमी सर्वांनी वाचली. एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता बोट त्या क्रीमवर गेले, आणि त्यात पारा निघाला. क्रीम तोंडाला लावले आणि इजा किडनीला झाली. फवारा पानावर मारला तरी औषध झाडभर फिरते, हे आंतरप्रवाही कीटकनाशक वापरणाऱ्या माझ्या वाचकाला समजावून सांगायला नको.

मग करायचे काय? सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त गुण देणारा उपाय म्हणजे झाकणे. आपल्या बाया निंदायला जाताना नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा सदरा लुगड्यावर घालतात. तो शहाणपणा आहे, कोणी हसू नये. दुपट्टा घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा असावा, विरळ पांढऱ्या कापडातून ऊन झिरपते. वर रुंद काठाची टोपी असली तर फारच उत्तम. ज्यांना परवडते त्यांनी एसपीएफ ३० च्या वरचे सनस्क्रीन लावावे, मातकट रंगाचे मिळाले तर वांगाला ते अधिक चांगले, पण घामाने ते निघून जाते आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. रोजाने जाणाऱ्या बाईला हे रोज जमेल, असे मी म्हणणार नाही.

औषध डॉक्टरच्या सल्ल्याने. अझेलिक आम्लासारखी सौम्य औषधेही आहेत. गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि पंधरा दिवसांत गोरे करून देतो म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा स्टेरॉइड असते, इतके ध्यानात ठेवले तरी पुरे. आणि ज्या भगिनी आधीच ट्यूब लावताहेत त्यांनी हे वाचून ती आजच फेकू नये. एकदम बंद केले की चेहरा भडकतो, आग होते आणि बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब घेते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोडवावी.

माझे स्वतःचे मत विचाराल तर दोष फक्त दुकानदाराचा नाही. "मुलगी गोरी पाहिजे" म्हणणारे आपणच. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या त्या प्रसिद्ध क्रीमचे नाव २०२० मध्ये बदलले, 'फेअर' गेले आणि 'ग्लो' आले. पाहुण्यांची नजर बदलली का? जी पोरगी बापाच्या शेतात उन्हात खुरपते तिच्याच गालावर ऊन दिसले म्हणून तिला नाकारायचे, आणि वर "कष्टाळू पाहिजे" अशी अटही घालायची, हा कोणता न्याय?

दुसरे मत आमच्या खात्याबद्दल आणि तुम्हा बागायतदार-जमीनदारांबद्दल. शेतीशाळेत आम्ही बोंडअळी शिकवतो, फवारणी करणाऱ्याचे कपडे दाखवतो, पण निंदणाऱ्या बाईचे हात आणि चेहरा आमच्या कार्यक्रमात नसतो. तो असावा. ज्याच्या शेतात दहा बाया निंदायला येतात त्याने सकाळी लवकर सुरू करून भर दुपारी दोन तास सुट्टी द्यावी, धुऱ्यावर गाजरगवत असेल तर दहा जोड हातमोजे आणावेत. वर्षात एकदा तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञाचे शिबिर झाले तर निम्म्या ट्यूबा तिथेच उघड्या पडतील. हे मी साहेबांना लेखी दिले आहे, उत्तर यायचे आहे.

पारावरच्या त्या ताईला आम्ही जिल्हा रुग्णालयाचा वार सांगितला, तिचा नवरा घेऊन गेला. चेहऱ्याची आग थांबली आहे, शिरा अजून दिसतात. माझ्या बहिणीचे वांग पूर्ण गेलेले नाही, फिके झाले आहे. तिचे लग्न झाले, तिच्या सासरची मंडळी भली आहेत, आणि दुपट्टा ती घरच्या घरी शिवून चार बायांना विकते. तिला अजून मी नजरेला नजर देऊन ती ट्यूबची गोष्ट बोललेलो नाही. हा लेख ती वाचेलच.

येत्या शेतीशाळेला पान घेऊन याल तेव्हा घरातली ट्यूब, तिचा खोकाही घेऊन या. लाजू नका. खोक्यावर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिले आहे का ते आपण मिळून वाचू. चष्मा मी आणतो.